वैद्यकाला पात्र कोण?

आम्ही डॉक्टर नाही, प्राध्यापकही नाही. शाळेचा आणि आमचा संबंध सातवीतच संपला. पुढे जे काही वाचन झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत रात्रीच्या दिव्याखाली. अशा माणसाने वैद्यकीय शिक्षणावर बोलावे हे काहींना विचित्र वाटेल. तथापि सांगली-साताऱ्याकडील हमाल, तोलाईदार आणि साखर कामगार यांच्यात तीस वर्षे वावरताना आम्ही डॉक्टरांना रोग्याच्या बाजूने पाहिले आहे. दवाखान्याच्या पायरीवर बसून जे दिसते ते आतल्या खुर्चीवरून दिसत नाही. म्हणून या व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही हाच सांगितला.

त्याला निमित्त घडले ते एका अर्जाचे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणाऱ्या आमच्या एका सभासदाची मुलगी दुसऱ्या प्रयत्नात वैद्यकीय प्रवेश परीक्षेत चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली आणि तिला शासकीय महाविद्यालयात जागा मिळाली. फीचा बराच भार सवलतीने हलका झाला. पण वसतिगृह, खाणावळ, पुस्तके, हाडांचा संच ही यादी काही संपेना. एका धर्मादाय संस्थेकडे शिष्यवृत्तीसाठी अर्ज करण्याचे ठरले. अर्जातला शेवटचा प्रश्न असा होता : वैद्यकीय शिक्षणासाठी आपण योग्य उमेदवार आहात, असे आपणांस का वाटते? उत्तरासाठी दहा ओळींची जागा.

निवेदने, मागणीपत्रे, नोटिसा लिहून आमचा हात बसलेला. आम्ही बसल्या बैठकीला उत्तर लिहून दिले. लहानपणापासूनचे स्वप्न, दीनदुबळ्यांच्या सेवेची तळमळ, प्रतिकूल परिस्थितीशी झुंज, सगळे त्यात होते. मुलीने ते दोनदा वाचले आणि हळूच म्हणाली, ‘काका, हे चांगलं आहे, पण हे कुणाच्याही अर्जात चालेल की.’

मालकाने आमची मागणीपत्रे पुष्कळदा फेटाळली आहेत. पण इतक्या थोड्या शब्दांत आणि इतक्या रास्त कारणाने कोणी फेटाळले नव्हते. त्या रात्रीपासून हा प्रश्न आमच्या डोक्यात घर करून बसला आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करू. मराठीत पात्र म्हणजे भांडे. भांडे घेताना आपण दोन गोष्टी पाहतो. एक, ते गळके नाही ना. आणि दुसरी, ते कशासाठी हवे आहे. घागर कितीही उत्तम घडविलेली असली तरी तिच्यावर भाकरी भाजता येत नाही, आणि तव्यात पाणी साठवता येत नाही. तेव्हा पात्रता म्हणजे निव्वळ गुण नव्हेत. गुण आणि पुढचे काम यांचा मेळ म्हणजे पात्रता. पहिल्या गोष्टीची परीक्षा आपल्याकडे कसून होते; दुसरीची विचारणा सहसा होतच नाही. आमच्या सांगण्याचा सारांश एवढाच आहे. बाकीचे त्याचे स्पष्टीकरण.

आज वैद्यकीय प्रवेशाचा निकाल एका परीक्षेने लागतो. तिचे नाव ‘नीट’. ती देशभर सक्तीची आहे. पदार्थविज्ञानाचे ४५ प्रश्न, रसायनाचे ४५, जीवशास्त्राचे ९०, असे एकूण १८०. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा, आणि बेरीज ७२०. मुलाखत नाही, शिफारसपत्र नाही, उमेदवार कोण आहे आणि त्याला डॉक्टर का व्हायचे आहे याची चौकशी नाही.

या परीक्षेला नावे ठेवणे आज सोपे झाले आहे. शिकवणीच्या वर्गांची फी कामगाराच्या वर्षभराच्या कमाईला मागे टाकते, हे खरे. २०२४ साली पेपरफुटी होऊन प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, हेही खरे. तरी आम्ही या परीक्षेच्या विरुद्ध नाही, आणि त्याला कारण आहे. मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते १९६२ साली. जागा थोड्या आणि इच्छुक फार, अशी वर्षे गेली. मग १९८३ च्या सुमारास आमच्या सांगलीचेच वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी देण्याचे धोरण आले. १९८४ साली कराडला कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले, आणि अलीकडच्या वर्षांत साताऱ्यातही शासकीय महाविद्यालय सुरू झाले. दारे वाढली हे चांगले झाले. पण खाजगी शिक्षणाबरोबर राज्यात देणगीचा प्रश्न असा काही वाढला की, १९८७ साली सरकारला देणगीबंदीचा कायदा करावा लागला. आणि कायदा झाला म्हणून रोग गेला असे मात्र झाले नाही. हमालाच्या मुलीजवळ वशिला नसतो, देणगी नसते, ओळखीचा अध्यक्ष नसतो. तिच्याजवळ एकच खणखणीत नाणे असते, आणि ते म्हणजे गुण. राखीव जागांनी दार रुंद केले आणि सामाईक परीक्षेने दारावरचा माणूस हटविला, असे आम्ही मानतो. तो माणूस पुन्हा आणून बसवावा असे आमच्या वर्गातील कोणी म्हणणार नाही.

यार्डातील उदाहरण देतो. बाजारात खरा काटा यावा म्हणून हमाल-तोलाईदारांनी आणि शेतकऱ्यांनी पुष्कळ भांडण केले आहे. काटा खरा असलाच पाहिजे. पण काटा फक्त वजन सांगतो. हळदीचा जाणता खरेदीदार वजनावर थांबत नाही. तो हळकुंड मोडतो आणि आतला रंग पाहतो. ७२० गुणांची परीक्षा हा काटा आहे. तो हवाच. परंतु आतला रंग कोणी पाहायचा, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

हा प्रश्न पडलेली मराठी मुलगी आमच्या सभासदाच्या मुलीच्या आधी सुमारे एकशे चाळीस वर्षे होऊन गेली. आनंदीबाई जोशी यांची कथा श्री. ज. जोशी यांच्या १९६८ सालच्या कादंबरीमुळे घरोघर पोचली आहे, म्हणून ती सगळी सांगत नाही. त्यांच्या अर्जापुरतेच पाहू. त्या प्रयत्नाचा आरंभ आपल्या शेजारीच, कोल्हापुरात झाला. पोस्टात नोकरी करणारे गोपाळराव तेथे असताना १८७८ साली त्यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी मिशनऱ्यांना पत्र लिहिले. ते अमेरिकेतल्या एका मासिकात छापले गेले, आणि न्यू जर्सीतल्या कार्पेंटर नावाच्या बाईंनी दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना ते वाचले. त्यातून ओळख झाली. दरम्यान चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून त्या बोटीत बसल्या आणि जूनमध्ये अमेरिकेस उतरल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयाकडे अर्ज केला. हे महाविद्यालय १८५० साली केवळ स्त्रियांसाठी निघालेले.

त्या अर्जात अठरा वर्षांच्या या मुलीने काय लिहिले? तिने गुणांची फुशारकी मारली नाही. उलट आरंभीच कबूल केले की, प्रवेशाच्या सर्व अटी आपल्याकडून पुऱ्या होतील असे नाही. आपली गोष्ट निराळी आहे, तेव्हा थोडी सवलत व्हावी. मग तिने आपली बाजू तीन मुद्द्यांत मांडली. आपली प्रकृती चांगली आहे. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून जो निश्चय आपल्याला एवढ्या दूर घेऊन आला, तोच पुढेही उपयोगी पडेल. आणि सर्वांत महत्त्वाचे, आपल्या देशातील स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून उपचार करून घेण्यापेक्षा मरण पत्करतात. त्यांच्यासाठी आपल्याला हे शिकायचे आहे.

कामगार संघटनेत मागणीपत्र लिहिणाऱ्याने या अर्जाचा अभ्यास करावा, इतका तो चोख आहे. तिने काय मागितले आहे पाहा. माझ्यावर दया करा, असे तिने म्हटले नाही. मी थोर आहे, असेही म्हटले नाही. तिने एक काम दाखविले. ते काम कोठे आहे, कोणाचे आहे, आज ते का होत नाही, आणि ते करायला मीच का उपयोगी पडेन, हे सांगितले. दुसरा एखादा हुशार पुरुष विद्यार्थी तिच्याहून अधिक गुण मिळवील. पण त्या स्त्रिया त्याच्यापुढे हात करणार नाहीत. भांडे आणि काम यांचा मेळ तो हाच. महाविद्यालयाने तो ओळखला, तिला घेतले, आणि मार्च १८८६ मध्ये तिला एम. डी. ही पदवी मिळाली.

या अर्जातील एकच विधान पुढे टिकले नाही, आणि ते प्रकृतीविषयीचे. निघण्यापूर्वीच त्यांना डोकेदुखी, ताप, अशक्तपणा यांनी ग्रासलेले होते. थंड देश, परके अन्न, अपुरी ऊब. शेवटी क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. वय एकवीस. हे आम्ही हळहळ वाटावी म्हणून सांगत नाही. उमेदवाराची पात्रता प्रवेशाच्या दिवशी ठरते आणि मग आपोआप टिकते असे नाही, हे त्यातून शिकायचे आहे. खाणावळीतले अन्न, खोलीतली ऊब, आजारपणी विचारपूस करणारे माणूस, यांवरही ती अवलंबून असते. हुशार मुलीला जागा दिली आणि जेवायला दिले नाही, तर तिला नाकारल्यासारखेच झाले.

आता आमच्या सभासदाच्या मुलीकडे परत येऊ. आमचा मसुदा बाजूला ठेवून तिने स्वतः दहा ओळी लिहिल्या. त्यांतील मजकूर साधारण असा होता. ती अकरावीत असताना वडील पाठ धरून बसले. तीन दवाखाने झाले. गोळ्या दिल्या, पट्टा दिला, विश्रांती घ्या म्हणून सांगितले. रोजावर पोट असलेल्या माणसाने विश्रांती कोठून घ्यावी, हा प्रश्न सोडून देऊ. पण तिन्ही ठिकाणी एकानेही विचारले नाही की, तुम्ही ओझे उचलता कसे? मग एका सुट्टीच्या दिवशी ती डबा देण्याच्या निमित्ताने यार्डात गेली आणि वही घेऊन बसली. वडिलांच्या पाठीवरून त्या दिवशी दोनशे दहा पोती गेली. पन्नास किलोचे एक धरले तर साडेदहा टन. तिने आणखी एक गोष्ट टिपली : चालताना वडील कण्हत नव्हते; थप्पी उंच झाल्यावर पोते वर टाकताना कंबर पिळली जाई, तेव्हा कण्हत होते. शेवटच्या ओळीत तिने लिहिले की, हे दुखणे आपण घरात पाहिले आहे, त्याचे कारण आपल्याला शिकायचे आहे.

आम्ही तीस वर्षे पोत्याचे वजन कमी करा म्हणून भांडलो. पूर्वी शंभर किलोचे पोते असे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाचे ओझे ५५ किलोंच्या आत आणावे अशी शिफारस केली, तिचा आधार आम्ही किती सभांत घेतला असेल! पण ओझे किती वेळा उचलले जाते आणि कोणत्या ठिकाणी कंबर पिळते, हे मोजण्याचे आम्हांला सुचले नाही. ते त्या मुलीला सुचले. तेथे आमची खात्री झाली की, हळकुंडाचा रंग पक्का आहे.

तिने जे केले त्याची परंपरा वैद्यकशास्त्रातच आहे, हे पुढे वाचनात आले. इटलीत रामाझ्झिनी नावाचा एक वैद्य होऊन गेला. त्याच्या घराजवळ शौचकूप साफ करणारा एक कामगार घाईघाईने काम उरकताना त्याला दिसला. इतकी घाई कशाला, असे विचारता तो म्हणाला की, या कामात फार वेळ राहिले तर डोळे जातात. तेवढ्यावरून रामाझ्झिनी कारागिरांच्या दुकानांतून आणि कामाच्या जागांतून हिंडू लागला, आणि १७०० साली त्याने कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला विचारायचे म्हणून जे प्रश्न प्राचीन ग्रीक वैद्यांनी घालून दिले होते, त्यांत त्याने एकाची भर घातली : तुझा धंदा काय?

हा प्रश्न आपल्या भागात किती मोलाचा आहे, हे सांगलीकरांना सांगायला नको. हरिपूर आणि सांगलवाडीकडे हळद साठविण्याची जमिनीखालची पेवे होती. २००५ च्या पुराने त्यांची फार हानी केली. पेव उघडल्यावर जाणता माणूस लगेच आत उतरत नाही, आतली कोंडलेली हवा आधी जाऊ देतो. अशा पेवातून बेशुद्ध काढलेला माणूस दवाखान्यात आणला आणि डॉक्टरने धंदा विचारला नाही, तर तो हृदयविकार शोधीत बसेल. ज्या मुलीने पेव पाहिले आहे तिला हे पुस्तकातून शिकावे लागणार नाही. गरिबाच्या मुलाजवळ पैसा नसतो हे सर्वांना दिसते. पण त्याच्याजवळ अशी माहिती असते, जी श्रीमंताच्या मुलाला विकतही मिळत नाही. अर्जात लिहायची ती हीच. आमची मुले मात्र तीच लपवितात, कारण बापाचा धंदा सांगायला त्यांना संकोच वाटतो.

येथे एक शंका कोणीही घेईल. कळवळा असला म्हणजे झाले काय? मुळीच नाही. ज्याला औषधाचे प्रमाण ठाऊक नाही, त्याचा कळवळा रोग्याच्या जिवावर बेतू शकतो. आमच्या मुलीने पहिल्या वर्षी गुण कमी पडले तेव्हा वर्षभर पुन्हा अभ्यास केला, त्यात आम्हांला अन्याय दिसला नाही. गरिबांना अर्धवट शिकलेला डॉक्टर चालेल असे जे समजतात, ते गरिबांचे मित्र नव्हेत.

पण उलट बाजूही तितकीच खरी आहे. नुसती पदवीही पुरत नाही. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे जमिनीत पुरलेले एकोणीस भ्रूण सापडले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राची मान खाली गेली. त्या प्रकरणातही दवाखाना होता आणि दारावर पाटी होती. दुसरे उदाहरण ऊसतोड बायांचे. दरवर्षी बीडकडून आपल्या सांगली-सातारा-कोल्हापूरच्या कारखान्यांवर टोळ्या येतात. २०१९ साली बीड जिल्ह्यात पाहणी झाली, तीत ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिकांची गर्भाशये काढलेली आढळली. डोक्यावर मोळी, पालावर शौचालय नाही, पाणी नाही, आणि एक दिवस चुकला तर खाडा धरून पैसे कापले जातात, अशा बाईचे पोट दुखले तर तिचा धंदा विचारणारा डॉक्टर आणि शस्त्रक्रियेचा दर सांगणारा डॉक्टर, दोघांच्या पदव्या सारख्याच असू शकतात.

मग आतला रंग पाहण्याची काही युक्ती आहे काय? जगात प्रयत्न झाले आहेत. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने या शतकाच्या आरंभी एक पद्धत काढली. एका मोठ्या मुलाखतीऐवजी उमेदवाराला ओळीने अनेक लहान मुलाखतींतून नेतात. प्रत्येक ठिकाणी परीक्षक वेगळा, प्रसंग वेगळा. एकाची मर्जी किंवा गैरमर्जी त्यामुळे निकालावर फारशी चालत नाही. आपल्याकडे वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी वैद्यकीय महाविद्यालय काढले. तेथल्या प्रवेशपरीक्षेत गांधीविचारांची एक वेगळी प्रश्नपत्रिका असे. सामाईक परीक्षा आल्यावर ती गेली.

आम्हांला सर्वांत बोलके वाटते ते जामखेडचे उदाहरण. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेडला गेले. त्यांनी खेड्यातील बायांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतल्या पुष्कळ जणींना अक्षरओळखही नव्हती. निवड गावाने करायची, अशी पद्धत. बाळंतिणीच्या घरात कोणाला शिरकाव आहे, रात्री हाक मारली तर कोण उठते, हे गावाला माहीत असते. ते ७२० गुणांत मावत नाही. अर्थात त्या बाया डॉक्टर नव्हेत, आणि डॉक्टर निवडण्याचे काम गावसभेवर सोपवा असे आम्ही म्हणत नाही. आमच्याकडे मुलाखत आली की तिच्या मागोमाग वशिला येतो, आडनाव येते, बोलीची थट्टा येते. म्हणून जागा गुणांवरच द्यावी. पण जागा दिल्यावर पहिल्याच महिन्यात तो प्रश्न विचारावा. २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात आरंभी पायाभूत वर्ग आहे, आणि पुढे विद्यार्थ्याने खेड्यातील काही कुटुंबांशी नाते जोडून त्यांची देखभाल करावी अशीही योजना आली आहे. मिरजेच्या, कराडच्या, साताऱ्याच्या विद्यार्थ्यांनी त्यात हळदीचे यार्ड आणि ऊसतोडीचा तळही पाहावा, एवढीच आमची भर.

आता शेवटची हकीगत. त्या धर्मादाय संस्थेने मुलीची निवड केली नाही. कारण कळविण्याची त्यांची पद्धत नव्हती. आमची सभा बसली, आणि टोळ्यांनी दर आठवड्याला थोडी थोडी रक्कम काढून खाणावळीचा खर्च उचलावा असे ठरले. तेव्हा एकाने उठून सूचना केली, आणि आम्हीही मान डोलावली, हे कबूल केले पाहिजे. सूचना अशी की, मुलीकडून कागदावर लिहून घ्यावे : डॉक्टर झाल्यावर ती यार्डातच दवाखाना काढील. सरकारसुद्धा शासकीय महाविद्यालयातून निघालेल्या डॉक्टरांकडून एक वर्षाची सेवा बंधपत्रावर घेते; मग आपण का घेऊ नये?

टोळीतले सर्वांत वयस्कर आबा कोपऱ्यात बसले होते. ते म्हणाले, ‘म्हंजे पोरीला उचल देताय व्हय? मग मुकादम आपणच झालो की.’

सभा गप्प झाली. उचल देऊन माणूस बांधून घेणे, याच्याविरुद्ध आम्ही ऊसतोडीच्या फडात भाषणे केली होती. आणि आज आपल्याच पोरीला आपण उचल देऊ पाहत होतो. मग आबांनी विचारले, ‘अन् ती आली, तर बसायला जागा हाय का आपल्याकडं?’

जागा नव्हती. त्या प्रश्नात आम्हांला आमच्या विषयाचा राहिलेला अर्धा भाग सापडला. उमेदवार कामाला योग्य हवा, तसे कामही उमेदवाराला बोलावणारे हवे. आनंदीबाईंच्या बाबतीत ते होते. १८८६ साली त्या अमेरिकेत असतानाच कोल्हापूर दरबाराने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागाची जागा त्यांना देऊ केली होती. आज त्याच रुग्णालयाला आपण छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणतो. त्यांना तेथे कामावर रुजू होता आले नाही. पण ज्या गावातून पहिले पत्र गेले, त्या गावाने खुर्ची मांडून ठेवली होती. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात मुलांना खायला काही उरले नाही, तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले. त्यांनी मुलांकडून करारपत्र लिहून घेतल्याचे आमच्या ऐकिवात नाही. त्या मुलांतून रयतेचे किती शिक्षक निघाले, ते हा जिल्हा जाणतो.

म्हणून अर्ज लिहिणाऱ्या मुलामुलींना आमचे सांगणे असे : स्वप्नाविषयी एक ओळ पुरे. बाकीच्या ओळींत जे डोळ्यांनी पाहिले ते लिहा. कोणते दुखणे, कोणाचे, कोठे, आणि आजवर त्याला काय कमी पडले. आपली उणीव असेल तर ती झाकू नका. आनंदीबाईंनी झाकली नाही. बापाचा धंदा ठळक लिहा. आणि वडीलधाऱ्यांना सांगणे असे : त्यांच्याकडून शपथ घेण्याआधी आपली जागा तयार आहे का, ते पाहा.

आमच्या सभेने कागद करून घेतला नाही. युनियनच्या कचेरीमागची जुनी खोली तपासणीसाठी मोकळी करावी असा ठराव मात्र झाला. मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. ती परत येईल की नाही, हे आम्ही तिला विचारीत नाही. खोलीतील जुन्या हजेरीपटांचे गठ्ठे निम्मे हलले आहेत, निम्मे अजून हलायचे आहेत. चुना लावणे राहिले आहे. ते काम आमचे आहे.